पाना-पेटी : पंचवीस हजारात रेसची गाडी

गणपती उठले की आमच्याकडे येणाऱ्या पत्रांचा सूरच बदलतो. जून-जुलैत "पाण्यात गाडी बंद पडते" आणि आता "रेसला जायचंय, काय काय बदलू". या महिन्यात मुद्दाम सगळी छोट्या गाड्यांचीच पत्रं घेतलीत, १०० ते १६० सीसी, बहुतेक सेकंडहँड, आणि खिशात मोजके पैसे. मोठ्या गाडीवाल्यांनी महिनाभर दम धरा. दोन पत्रं "हायवेवर मित्रांना हरवायचंय" अशी होती, त्यांना इथे उत्तर नाही, कधीच मिळणार नाही.

प्रश्न : दादा, यामाहाची आर-१५ व्हर्जन टू घेतलीय, २०१३ ची, ३८ हजार किलोमीटर पळालेली. कोईमतूरला ट्रॅकवर न्यायचीय आणि जमलं तर पुढच्या वर्षी नवख्यांच्या रेसला. बजेट २५ हजार. लिस्ट अशी केलीय : फ्री-फ्लो सायलेन्सर, परफॉर्मन्स एअर फिल्टर, इरिडियम प्लग, ईसीयूला (इंजिनाला पेट्रोल मोजून देणारा कॉम्प्युटर) पिगीबॅक, म्हणजे त्याचा हिशोब बदलणारी डबी. मित्र म्हणतो ४-५ पीएस ताकद वाढेल. बरोबर चाललोय का? – एक वाचक, कराड

मित्राला विचार की ते पाच पीएस येणार कुठून. तुझं इंजिन १४९ सीसीचं, कंपनीच्याच आकड्याप्रमाणे १७ पीएस, तेही ८५०० आरपीएमला. लिक्विड कूल, चार व्हॉल्व्ह, म्हणजे कंपनीने त्यातून बरंच काही आधीच पिळून काढलेलं आहे. नुसता सायलेन्सर बदललास तर फुल थ्रॉटलला ईसीयू आपल्या ठरलेल्या तक्त्याप्रमाणेच पेट्रोल सोडत राहतो, हवा मात्र वाढलेली, म्हणजे मिक्स्चर पातळ होतं. कधी अर्धा-पाऊण पीएस मिळतो, कधी वर मिळतो आणि मधल्या आरपीएमला जातो. आवाज मात्र नक्की वाढतो आणि आवाज वाढला की गाडी जोरात वाटते, इथेच सगळे फसतात, मीपण फसलोय. पहिल्या वर्षी मीसुद्धा आधी सायलेन्सर घेतला आणि लॅप टाइम एक सेकंद वाढला, कारण वळणातून बाहेर पडताना जिथे ओढ पाहिजे तिथेच गाडी झोपायची. मोठ्या तोऱ्यात गेलो होतो, संध्याकाळी पिटमध्ये जुना सायलेन्सर परत लावत बसलो.

तुझी लिस्ट उलटी कर. ३८ हजार पळालेल्या गाडीत पहिले पैसे नव्या पार्टला नाही, झिजलेल्या पार्टला घालायचे. पुढचं चाक जमिनीवरून उचल (स्टँड नसेल तर दोन मित्र आणि एक लाकडी ठोकळा पुरतो), फोर्कची (पुढच्या शॉकअपच्या नळ्यांची) खालची टोकं धरून पुढे-मागे हलव, टक-टक लागलं तर कोन सेट (हँडलच्या दांड्याची बेअरिंगं) ढिला. मग हँडल हळूहळू इकडून तिकडे फिरव, मधोमध खटका लागतोय असं वाटलं तर कोन सेट गेलाच, घट्ट करून काही होणार नाही, बदल. तसंच मागचं चाक उचलून स्विंगआर्म (मागचं चाक धरणारा दांडा) डावी-उजवीकडे ढकलून बघ, खेळ असेल तर बुश गेले. चाकांची बेअरिंगं फिरवून बघ. हे सगळं मिळून लेबर धरून तीन-चार हजारात होतं आणि गाडी वळणात एका रेघेत जायला लागते. गाडी डुलते म्हणून लोक दहा हजाराचा स्टिअरिंग डँपर लावतात, अरे डुलतेय कोन सेटमुळे!

त्यानंतर टायर. बजेटचा सगळ्यात मोठा तुकडा इथे जाऊ दे, आठ-नऊ हजार गेले तरी जाऊ दे. जुना टायर वरून चांगला दिसतो पण रबर कडक झालेलं असतं, साइडवॉलवर चार आकडे असतात ते वाच, पहिले दोन आठवडा आणि शेवटचे दोन वर्ष, २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. पाच-सहा वर्षांपूर्वीचा टायर घेऊन ट्रॅकवर जाऊ नकोस, नक्षी कितीही शिल्लक असली तरी.

मग ब्रेकचं ऑइल आणि पॅड, पुढच्या फोर्कचं ऑइल (हे दोन्ही खाली वेगळ्या पत्रांत आलंय, ते वाच), नवी चेन-स्प्रॉकेट. एवढं करून पंचवीसातले पंधरा-सोळा गेलेले असतील. उरलेले खर्च करू नकोस, ट्रॅकच्या फीला, पेट्रोलला आणि पडल्यावर लागणाऱ्या लिव्हर-फूटरेस्टला ठेव. पडणार तू, सगळेच पडतात. एक जादा क्लच लिव्हर आणि एक गिअर लिव्हर बॅगेत नसला तर अख्खा दिवस तीनशे रुपयांसाठी फुकट जातो.

फुकटातला पीएस हवा असेल तर वजन काढ. साडी गार्ड, मागचे फूटरेस्ट, आरसे, इंडिकेटर, हॉर्न, नंबर प्लेटचा सांगाडा, साइड स्टँड. काढलेलं सगळं एका पोत्यात भर आणि वजनकाट्यावर ठेव, मजा येते. हिशोब बघ, गाडी १३६ किलो, तू साधारण ७०, एकूण २०६. त्यातले ८ किलो गेले तर जवळजवळ चार टक्के झाले, म्हणजे १७ पीएसच्या गाडीला पाऊण पीएसच्या आसपास मिळाल्यासारखं, आणि हा फायदा ब्रेक मारताना आणि वळतानासुद्धा मिळतो, जो सायलेन्सर देत नाही. (नव्या बीएस-६ गाड्यांत साइड स्टँडचा कटऑफ स्विच असतो, स्टँड काढून स्विच तसाच लटकत ठेवला तर गिअर टाकला की गाडी बंद. तुझ्या गाडीत हा प्रश्न नाही, पण दुसरं कोणी वाचत असेल म्हणून सांगतो.)

शेवटचं, रेसआधी गाडीची तपासणी होते, तिथे नवखे सगळ्यात जास्त अडकतात ते लॉक वायरवर. इंजिन ऑइलच्या ड्रेन बोल्टला बारीक भोक पाडून तारेने बांधायचं, म्हणजे तो सुटून ट्रॅकवर ऑइल सांडणार नाही. भोक पाडायला लेथवाल्याकडे जा, घरी हँड ड्रिलने करताना बोल्ट जातो आणि ड्रिल बिटही जातं. हेडलाइटच्या काचेवर टेप, आणि रेडिएटरमध्ये कूलंट नाही, साधं पाणी, कारण कूलंटमधलं ग्लायकॉल रस्त्यावर सांडलं की मागच्याचा बर्फावर पाय पडल्यासारखं होतं. घरी परत आलास की पाणी काढून कूलंट भरायला विसरू नकोस, नाहीतर आतून गंज.

आणि एक चाळीस पानी वही घे. दर वेळी एकच गोष्ट बदल, तारीख, टायरची हवा, काय बदललं, गाडी कशी वाटली ते लिही. एकदम चार पार्ट बदललेस तर कशाने सुधारली आणि कशाने बिघडली ते देवालापण कळणार नाही.

प्रश्न : माझीही तीच गाडी, मागे १४० चा टायर टाकला की ग्रिप वाढेल ना? आणि पुढचं स्प्रॉकेट १४ दातांचं करू का, पिकअपसाठी? – डोंबिवली

कंपनीचा मागचा टायर १३०/७०-१७. त्याचा व्यास काढ : १७ इंच म्हणजे ४३१.८ मिलिमीटर, अधिक दोन्ही बाजूंची ९१-९१ मिलिमीटर उंची, ६१३.८. आता १४०/७० चा काढलास तर ६२७.८. म्हणजे चाक सव्वादोन टक्क्यांनी मोठं झालं, गाडीची गिअरिंग तेवढी लांब झाली, पिकअप तेवढा गेला. त्यात टायर जड. आणि १४० च्या टायरला साधारण ४ इंचाची रिम लागते, १३० ला साडेतीन. बारीक रिमवर जाड टायर बसवला की तो कडेने चिमटल्यासारखा होतो, वरचा आकार टोकदार होतो, आणि झुकल्यावर जिथे रबर टेकायला पाहिजे तिथे नीट टेकत नाही. दिसायला भारी, चालवायला जड. तू ग्रिप विकत घेतोयस असं तुला वाटतंय पण खरं तर तू नुसती रुंदी विकत घेतोयस. आहे त्याच मापाचा चांगल्या कंपाउंडचा टायर घे.

स्प्रॉकेटचं गणित सोपं आहे. समजा तुझ्याकडे १५-४५ आहे (स्प्रॉकेटवर आकडा कोरलेला असतो, नसला तर खडूने खूण करून मोज), गुणोत्तर ३. मागे एक दात वाढवून ४६ केलास तर सव्वादोन टक्के फरक, म्हणजे तुझ्या त्या १४० च्या टायरने जे घालवलं तेवढंच. पुढे १५ चे १४ केलेस तर एकदम सात टक्के! पुढचा एक दात म्हणजे मागचे तीनपेक्षा जास्त. पुढचं स्प्रॉकेट स्वस्त म्हणून लोक तेच बदलतात, पण सात टक्के ही मोठी उडी आहे, सरळ रस्त्याच्या शेवटी इंजिन लिमिटरवर (कमाल आरपीएमच्या मर्यादेवर) आपटत बसतं. आणि लहान स्प्रॉकेटवर चेन जास्त वाकते, लवकर झिजते.

कुठला आकडा योग्य ते ट्रॅक सांगतो. कोईमतूरजवळचं कारी स्पीडवे २.१ किलोमीटरचं, वळणं जवळजवळ. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईचा ट्रॅक ३.७ किलोमीटर, तिथे गाडी जास्त वेळ वरच्या गिअरात. दोन्हीकडे एकच स्प्रॉकेट चालेल असं समजू नको. सोपी खूण सांगतो, सगळ्यात लांब सरळ पट्ट्याच्या शेवटी, ब्रेक मारायच्या जरा आधी, टॉप गिअरात कमाल पॉवरचं आरपीएम यायला पाहिजे. आधीच येऊन थांबत असेल तर मागचा एक दात कमी, येतच नसेल तर एक जास्त. मागचे दात तीन-चारने वाढवलेस तर चेनच्या कड्या पुरतायत का ते घरीच बघ, ट्रॅकवर गेल्यावर नको.

प्रश्न : ट्रॅकवर पहिले चार लॅप ब्रेक मस्त, पाचव्या-सहाव्या लॅपला लिव्हर स्पंजसारखा होतो आणि हँडलपर्यंत येतो. मोठी डिस्क बसवू का? – फोंडा, गोवा

डिस्क राहू दे, आधी सांग ऑइल कधी बदललं होतं. नव्वद टक्के लोकांचं उत्तर "कधीच नाही" असतं.

ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं, हा त्याचा गुणधर्मच आहे, आणि तू गोव्यात राहतोस, तिथे चार महिने भिंतीलापण पाणी सुटतं. नवीन डॉट-४ किमान २३० अंशाला उकळतं. तेच पाणी ओढून बसलेलं असलं की मर्यादा १५५ वर येते. ट्रॅकवर प्रत्येक लॅपला जोरात ब्रेक, कॅलिपर (डिस्कवर पॅड दाबणारा भाग) थंड व्हायला वेळच नाही, पाचव्या लॅपला आतलं ऑइल उकळतं, वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दाबला जात नाही पण वाफ दाबली जाते, म्हणून लिव्हर मऊ. गाडी थंड झाली की परत सगळं ठीक, म्हणून मेकॅनिकला दाखवायला नेलंस तर तो म्हणणार "काही नाही झालं भाई".

इथे एक फरक लक्षात ठेव. लिव्हर मऊ पडून आत येत असेल तर ऑइल. लिव्हर दगडासारखा कडक आहे पण गाडी थांबत नाहीये, तर पॅड तापलेत, तिथे चांगले पॅड लागतील. लोक दोन्हीला एकच समजतात आणि चुकीच्या गोष्टीवर पैसे घालतात.

तर सीलबंद बाटली घे, डॉट-४ किंवा डॉट-५.१, जी अर्धी वापरून कपाटात ठेवलीय ती फेकून दे. डॉट-५ घेऊ नको, नाव सारखं वाटलं तरी ते सिलिकॉनचं, तुझ्या सिस्टीमला चालत नाही. जुनं सगळं कॅलिपरच्या निपलमधून काढायचं, नुसतं वरच्या डबीत भरून उपयोग नाही. कॅलिपर काढलाच आहे तर त्याच्या सरकणाऱ्या पिना साफ करून त्याचंच ग्रीस लाव, पिस्टन पुसून घे, आणि चाक हाताने फिरवून बघ, अडकत फिरत असेल तर ब्रेक सरळ रस्त्यावरपण थोडा लागलेलाच राहतो आणि तापत राहतो. एवढ्याचा खर्च हजाराच्या आत. त्याच्यानंतर पैसे उरले तर स्टीलच्या जाळीची होज (ब्रेक ऑइलची नळी) घाल, जुनी रबरी होज फुगते, जाळीची फुगत नाही, लिव्हरची जाणीव एकदम स्वच्छ होते. मोठी डिस्क लावली असतीस तर सहाव्याऐवजी आठव्या लॅपला हेच झालं असतं.

प्रश्न : काका, आरएक्स १०० आहे, १९९२ मॉडेल, मातीच्या रेसला पळवतो. ऑइल पंप काढून पेट्रोलमध्येच ऑइल टाकतो. एक्स्पान्शन पाईप (फुगीर पोटाचा सायलेन्सर) लावला आणि तेव्हापासून दोनदा पिस्टन धरला, सिलिंडरात अडकूनच बसला. आता मोठा बोअर मारून मोठा पिस्टन टाकायचाय, १०० ऑक्टेन पेट्रोल टाकलं तर धरणं थांबेल का? – एक वाचक, कोल्हापूर

भावा, दोनदा धरला म्हणजे गाडी ओरडून सांगतेय आणि तू तिच्या कानात अजून मोठा भोंगा लावतोयस.

काय झालंय बघ. टू-स्ट्रोकला पेट्रोल कमी पडलं की पिस्टन तापतो, फुगतो, धरतो. आता तुझ्या गाडीत पेट्रोल कमी पडायची कारणं मोज. पाईप बदललास, इंजिन जास्त हवा ओढायला लागलं, जेट (कार्बोरेटरमधलं पेट्रोलचं बारीक भोक) मात्र जुनाच. दुसरं, पंपावर आता ई-२० पेट्रोल मिळतं. साध्या पेट्रोलला एका भागाला १४.७ भाग हवा लागते, इथेनॉलला फक्त ९ च्या आसपास. वीस टक्के इथेनॉल मिसळलं की त्याच हवेला साधारण आठ टक्के जास्त इंधन लागतं, आणि १९९२ च्या कार्बोरेटरला हे कोणी सांगितलेलं नाही. तिसरं कारण ऐकून चक्रावशील, तू पिस्टन धरतो म्हणून घाबरून ऑइल वाढवलं असशील, हो ना? ग्लासात पाणी वाढवलं की दूध कमी होणारच, जेटमधून जाणाऱ्या मिश्रणात ऑइल वाढलं की पेट्रोल कमी. लिटरला ४० मिली, म्हणजे पंचवीसास एक, चांगलं ऑइल असेल तर एवढं पुरे.

आणि चौथं, जे कोणी बघतच नाही, क्रँकचे ऑइल सील. तीस वर्षं जुने सील कडक होतात आणि तिथून बाहेरची हवा आत जाते. थ्रॉटल सोडल्यावर आरपीएम लगेच खाली येत नाही, वरच लटकून राहतं आणि मग हळूहळू उतरतं, असं होतंय का? होत असेल तर जेट कितीही मोठा केलास तरी उपयोग नाही, आधी सील. सोबत रीड व्हॉल्व्हच्या (मिश्रण आत सोडणाऱ्या झडपेच्या) पट्ट्या प्रकाशात धरून बघ, टोकं उडालेली किंवा फट दिसत असेल तर बदल.

हे झालं की मग मेन जेट. आधी एवढा मोठा टाक की गाडी वरच्या आरपीएमला घुटमळायला लागेल, आणि मग एकेक पायरी खाली ये. मोठ्याकडून लहानाकडे यायचं, उलटं कधीच नाही, उलटं केलंस तर तिसरा पिस्टन. प्लग वाचायची पद्धत तुझ्या उस्तादला माहीत असेलच : नवा प्लग टाकून मोकळ्या पट्ट्यावर फुल थ्रॉटल, क्लच दाबायचा आणि त्याच क्षणी इंजिन बंद, थांबून प्लग काढायचा. चहाच्या रंगाचा असला तर बरोबर, पांढरा असला तर कमी पेट्रोल, काळा ओला असला तर जास्त. हळूहळू घरी चालवत आणून काढलेला प्लग काही सांगत नाही, तो तुझ्या गल्लीतल्या ट्रॅफिकचा रंग असतो.

१०० ऑक्टेनबद्दल. ऑक्टेन म्हणजे ताकद नाही, कॉम्प्रेशन वाढवल्यावर ठोका पडू नये म्हणून लागणारी सहनशक्ती आहे. हेड घासून कॉम्प्रेशन वाढवलं नसेल तर त्याचे पैसे वाया.

आता बोअर. तुझं इंजिन चौकोनी आहे, ५० मिमी बोअर (सिलिंडरचा व्यास), ५० मिमी स्ट्रोक (पिस्टनची चाल), ९८.२ सीसी. पाव-पाव मिलिमीटरने ओव्हरसाइझ मारतात. पहिल्या ओव्हरसाइझला ९९.२ होतात, दुसऱ्याला १००.१! म्हणजे १०० सीसीच्या क्लासात पळत असशील तर नियमांत झिजेसाठी ओव्हरसाइझ चालतं का ते आयोजकांना आधी विचार, नाहीतर जिंकून बाद व्हायचास. आणि या एक-दोन सीसीने काय मिळतंय? काहीच नाही. बोअर मारायचा तो ब्लॉकला ओरखडे पडलेत म्हणून, ताकदीसाठी नाही. मारशील तेव्हा पिस्टन आधी विकत घे, तो लेथवाल्याच्या हातात दे आणि त्या पिस्टनवर माप घेऊन बोअर कर म्हण, "पन्नास पॉइंट पंचवीस करून ठेवा, पिस्टन नंतर आणतो" असं नाही. त्यानंतर रनिंग (नवे पार्ट बसेपर्यंत हळू चालवणं) नीट कर, पहिल्या दिवशीच रेस नको.

पाईपबद्दल एकच. एक्स्पान्शन पाईप जादू नाही, त्याच्या शंकूवरून आदळून परत येणारी दाबाची लाट निसटणाऱ्या ताज्या मिश्रणाला पुन्हा सिलिंडरात ढकलते, आणि ते वेळेवर घडतं फक्त ठरावीक आरपीएमच्या पट्ट्यात. पाईप आखूड असला तर पट्टा वर जातो. डांबरी ट्रॅकचा पाईप घेऊन मातीत गेलास तर खाली काही नाही, वर एकदम लाथ, आणि मागचं चाक नुसतं फिरत राहतं. मातीला लांब पाईप, मधली ओढ. आणि कानस घेऊन पोर्ट (सिलिंडरच्या भिंतीतलं भोक) वर घ्यायचा विचार करत असशील तर हात बांधून ठेव, कापलेलं परत चिकटत नाही.

प्रश्न : टायरमध्ये नायट्रोजन भरला तर लॅप टाइम सुधारेल का? – नाशिक

साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो, आणि तो फुकट. चाळीस रुपये वाचव आणि चांगला प्रेशर गेज घे, स्वतःचा, कारण दोन पंपांवरचे दोन गेज कधी एकसारखे दाखवत नाहीत. ट्रॅकवर रस्त्यापेक्षा हवा थोडी कमी ठेवून सुरू कर, पाच लॅप मार, आत येऊन लगेच मोज, गरम टायरचा आकडा वहीत लिही.

प्रश्न : मी जिक्सर १५५ वर ट्रॅकवर शिकतेय, वजन ५२ किलो. ग्रुपमधले सगळे म्हणतात पुढे जाड फोर्क ऑइल टाक, स्प्रिंगला स्पेसर टाक, मागचा शॉकअप कडक कर. तसं केलं आणि आता खडबडीत वळणात गाडी उड्या मारते, भीती वाटते. माझंच चुकतंय का? – एक वाचक, पुणे

ताई, तुमचं काहीच चुकत नाहीये, सल्ला देणाऱ्यांचं वजन ८० आहे.

आपल्याकडच्या गाड्यांचे शॉकअप कंपनी मागे बसणाऱ्याचा, पिशव्यांचा, खड्ड्यांचा विचार करून बसवते. ७५-८० किलोचा माणूस ट्रॅकवर जोरात ब्रेक मारतो तेव्हा पुढचा फोर्क तळाला जातो म्हणून तो ऑइल जाड करतो, त्याच्यासाठी ते बरोबर आहे. तुमच्या ५२ किलोला मुळातलाच सेटअप कडक आहे, त्यात अजून कडक केलं तर चाक खड्ड्यात उतरतच नाही, वरच्या वर उडत जातं.

अंदाजाने काही करू नका, मोजा. पुढच्या फोर्कच्या नळीवर प्लॅस्टिकची केबल टाय घट्ट बांधा. दोघांना हाताशी घ्या, एकाने गाडी सरळ धरायची, दुसऱ्याने मोजायचं. गाडी उचलून फोर्क पूर्ण लांब करा, टाय सीलला टेकवा. मग तुम्ही पूर्ण गिअर घालून, सूट, हेल्मेट, बूट सगळं, रेसमध्ये बसता तशा बसा, अलगद, उड्या न मारता, मग उतरा आणि गाडी परत उचला. टाय जेवढी सरकली ते तुमचं सॅग. फोर्कच्या एकूण चालीच्या पाव ते एक तृतीयांश यायला पाहिजे, म्हणजे चाल १२० मिलिमीटर असेल तर ३० ते ४०. तुमचं मला वाटतं १५-२० च येईल. तसं असेल तर स्पेसर काढून टाका आणि ऑइल कंपनीने सांगितलंय त्याच ग्रेडचं परत भरा, दोन्ही नळ्यांत अगदी सारखं, मोजपात्राने, कारण एका बाजूला जास्त झालं तर वेगळाच ताप.

मागचा मोनोशॉक तुमच्या गाडीत सात पायऱ्यांचा आहे. सगळ्यात मऊ पायरीवर आणा आणि तिथून सुरुवात करा, मागचं सॅग तसंच मोजा, एक्सलपासून सीटखालच्या एका खुणेपर्यंत. एकेक पायरी बदलून दोन-दोन सेशन चालवा. या सगळ्याचा खर्च फोर्क ऑइलची एक बाटली आणि एक केबल टाय. आमच्याकडे "कडक म्हणजे रेसिंग" असा एक समज आहे, कुठून आला कुणास ठाऊक, बहुतेक पोस्टरवरच्या गाड्या बघून.

आणि हलकं असणं हा तुमचा फायदा आहे हो. गाडी १३५ किलो आणि तुम्ही ५२, तो ८० वाला २८ किलो जास्त घेऊन फिरतोय. त्याने कितीही पैसे घातले तरी एवढं वजन गाडीतून काढता येणार नाही.

प्रश्न : माझा मुलगा १९ वर्षांचा आहे, बाईक रेसिंग करायचं म्हणतो, गाडीच्या पार्टसाठी ४० हजार मागतोय. द्यावेत का? मला यातलं काही कळत नाही. – एक वडील, चिंचवड

नमस्कार. तुम्ही विचारलंत हेच बरं केलंत, बहुतेक घरांत थेट "नाही" होतं आणि मुलगा रात्री मित्राची गाडी घेऊन जुन्या हायवेला जातो.

पैसे द्यायचे तर पार्टला देऊ नका. आधी त्याच्या अंगावरचं घ्या : चांगलं फुलफेस हेल्मेट, चामड्याचा सूट, पाठीचा प्रोटेक्टर, ग्लोव्हज, घोट्याच्या वरपर्यंतचे बूट. हा खर्चच पन्नास हजारांच्या पुढे सहज जातो हे मोकळेपणाने सांगतो. सूट वापरलेला चालतो, शिवण तपासून घ्या. हेल्मेट मात्र वापरलेलं कधीच नाही, कारण एकदा आपटलेलं आहे का ते बाहेरून दिसत नाही.

दुसरं, गाडी बनवण्याआधी त्याला ट्रॅकवरच्या ट्रेनिंग स्कूलला पाठवा. रेससाठी देशाच्या मोटरस्पोर्ट्स फेडरेशनचं, म्हणजे एफएमएससीआयचं लायसन्स लागतं, ते कसं काढायचं हे तिथेच कळतं. आणि एक गोष्ट तुम्हाला कोणी सांगितली नसेल, वन-मेक नावाचा प्रकार असतो, त्यात सगळ्यांना आयोजकांकडूनच एकसारख्या गाड्या मिळतात. टीव्हीएसची अशी मालिका १९९४ पासून चालू आहे, रॉयल एन्फिल्डच्या काँटिनेंटल जीटीचीही आहे. निवड चाचणी असते, फी असते, पण गाडी बांधायचा खर्च वाचतो आणि मुलगा खरंच वेगात आहे की नुसता आवाजात आहे ते एका दिवसात कळतं. त्याला आणि तुम्हालाही.

तो गाडीचा सायलेन्सर काढून रस्त्यावर फिरवत असेल तर तेवढं मात्र बंद करा. रस्त्यावर ते बेकायदेशीर आहे आणि पोलिसांनी जप्त केलेल्या सायलेन्सरवर रोडरोलर फिरवलेले फोटो तुम्ही पेपरात पाहिले असतीलच.

प्रश्न : गाडी तयार आहे, पण कोईमतूरला न्यायची कशी? चालवत नेऊ का? – सोलापूर

रेसची गाडी हजार किलोमीटर चालवत नेणार, मग टायर तिथे पोचेपर्यंत चपटा, आणि आरसे-लाईट काढलेली गाडी रस्त्यावर आणलीस तर दंड वेगळा. तुमच्याकडून सोपं आहे, मुंबईची लोकमान्य टिळक टर्मिनस–कोईमतूर एक्सप्रेस पुण्यावरून सोलापूरमार्गेच जाते. पार्सल ऑफिसला आरसीची झेरॉक्स आणि ओळखपत्र लागतं, टाकी पूर्ण रिकामी पाहिजे, पेट्रोलचा वाससुद्धा आला तर परत पाठवतात, म्हणून आदल्या रात्रीच काढून झाकण उघडं ठेव. मधल्या स्टेशनवर डब्यात जागा असली तरच गाडी चढते, त्यामुळे जमलं तर मुंबईहून किंवा पुण्याहून चढव, आणि रेसच्या आदल्या दिवशी पोचेल या भरवशावर राहू नकोस, चार दिवस हातात ठेव.

चार-पाच जण मिळून छोटा टेम्पो केलात तर माणशी खर्च फार वेगळा पडत नाही, आणि पाने, स्टँड, जादा टायर सगळं सोबत येतं. टेम्पोत बांधताना पट्टा हँडलच्या टोकाला नको, खालच्या ट्रिपल क्लॅम्पला (दोन्ही फोर्क धरणाऱ्या पट्टीला) घाल, आणि फोर्क अर्धाच दाबला जाईल एवढा ओढ, पूर्ण दाबून रात्रभर नेलास तर सकाळी ऑइल सील गळलेले दिसतील. फूटरेस्ट टेम्पोच्या पत्र्याला घासणार, तिथे जुनी सतरंजी.